आमच्या फियाटच्या हीटरची नळी आणि सरकारचं भंगार धोरण

पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा.

आधी हसून घ्या. जळगाव-धुळ्यात राहणारा माणूस गाडीच्या हीटरवर लिहायला बसलाय. मे महिन्यात इथं ४५ अंशांत डांबर चपलेला चिकटतं, ऊन गाडीत फुकट शिरतं, आणि हा म्हणतो हीटर. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही हेच झालं. मी एवढंच टाकलं होतं की 'फियाटच्या हीटरच्या नळीचा जोड शेवटी नीट झाला.' त्यावर हसणाऱ्या तोंडांची रांग लागली. मग एका सुशिक्षित मित्राने लिहिलं, "अरे, भंगारात घाल ना तो डबा. सरकार सूट पण देतंय."

त्या एका वाक्याला हे उत्तर आहे.

गाडी प्रीमियर पद्मिनी, १९८१ ची. वडिलांची. आता ते नाहीत, गाडी आहे. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यातली, वालचंद हिराचंद यांनी उभ्या केलेल्या कंपनीची. १०८९ सीसीचं इंजिन, गिअर स्टिअरिंगला. कागदावर पद्मिनी, पण आपल्याकडे तिला फियाटच म्हणतात. एकेकाळी खान्देशात डॉक्टर, केळीचा व्यापारी नाहीतर जिनिंगवाला, यांच्या दारात ही गाडी असायची. आमच्याकडे आली तेव्हाच ती सेकंडहँड होती. वडील मास्तर होते, व्यापारी नव्हते.

आमच्या गाडीत हीटर नंतर बसवला, तोही भंगारवाल्याकडून आणलेला, दुसऱ्याच कुठल्यातरी गाडीचा. पाण्याची बाजू जमली, कारण रबरी पाईप कुठेही जमतो. वाऱ्याची बाजू जमली नाही. सगळी भानगड तिथली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, कारण पुढचं भांडण यावरच उभं आहे. जुन्या गाडीचा हीटर म्हणजे छोटा रेडिएटर. इंजिनचं गरम पाणी त्यातून फिरतं, मागून पंखा वारा मारतो, आणि तो गरम वारा दोन नळ्यांतून पुढच्या काचेच्या बुडाशी असलेल्या दोन चपट्या फटींकडे जातो. बाकीचा पायाशी. आपल्याकडे पायाशी गरम वारा वर्षातले पंधरा दिवस लागतो. तेही धुळ्यात, कारण हिवाळ्यात तिथल्या कृषी महाविद्यालयातला पारा पाच-सहा अंशांवर उतरल्याची बातमी आम्ही जवळपास दरवर्षी छापतो. काचेचा वारा मात्र पावसाळ्यात लागतो. चार माणसं, बंद काचा, बाहेर गार पाऊस. श्वासातली वाफ थंड काचेवर बसते आणि समोरचं दिसेनासं होतं. वायपर बाहेरून फिरतो, आतून फिरत नाही.

गेल्या ऑगस्टमध्ये आईला डोळे दाखवायला संभाजीनगरला नेत होतो. चाळीसगावहून पहाटे निघालो. कन्नडचा घाट ज्यांनी पावसात चढलाय त्यांना सांगायला नको. (२०२१ च्या ऑगस्टअखेरीस दरडी येऊन हाच घाट बंद पडला होता, आठवत असेल.) ढग रस्त्यावर उतरलेले. मध्यावर काच आतून पांढरी व्हायला लागली म्हणून हीटर चालू केला. डॅशबोर्डखाली 'फट्' असा आवाज झाला. नळी सुटली. सगळा वारा आईच्या पायांवर आणि काच दुधासारखी. एका हाताने स्टिअरिंग, दुसऱ्या हातातल्या रुमालाने काच पुसत मी वळण घेतलं आणि समोरून मोटरसायकल आली. वाचला तो, वाचलो आम्ही. बाजूला थांबून मी पाचेक मिनिटं नुसता बसून होतो. आई म्हणाली, "तुझ्या बापाने पण असंच कापड कोंबलं होतं तिथं."

खरं होतं. हीटरच्या डब्याचं तोंड दोन इंची, म्हणजे ५१ मिलिमीटर. मूळ नळी कापड आणि तारेची, ती कधीच कुजून गेली होती. मग कुणीतरी ६३ मिलिमीटरची नळी आणून चढवली, कारण बाजारात तीच मिळाली. ५१ वर ६३. मधल्या फटीत चिंधी कोंबली, वरून काळी इन्सुलेशन टेप, आणि फटीच्या बाजूला एम-सील थापलं. याला आपण कौतुकाने जुगाड म्हणतो. टेपचा डिंक गरम वाऱ्याने पातळ होतो आणि टेप सरकते. एम-सील दगडासारखं घट्ट होतं, पण गाडी हादरते आणि नळी वाकते, म्हणून ते पत्र्यापासून सुटतं. दोन्ही गोष्टी एकाच दिवशी, घाटाच्या मध्यावर झाल्या. जुगाडाला मुहूर्त बरोबर कळतो.

त्यानंतर मी काय केलं? आधी मोठ्या शहरातल्या एका चकचकीत वर्कशॉपला फोन केला. नाव घेत नाही. पलीकडच्या मुलाने मॉडेल विचारलं, वर्ष विचारलं, आणि अदबीने म्हणाला, "सर, सिस्टीममध्ये ही गाडीच दिसत नाही." दुसऱ्या एकाने पूर्ण डॅशबोर्ड काढावा लागेल म्हणत जो आकडा सांगितला, त्यात आमच्याकडे एकराला ठिबक बसेल.

शेवटी धुळ्याला गेलो. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर असे दोन मोठे रस्ते जिथं एकमेकांना कापतात त्या गावात मिस्तरी नसतील तर कुठे असतील? एक म्हातारे मिस्तरी भेटले. पत्र्याचं शेड, दुकानाला बोर्डसुद्धा नाही. त्यांनी डोकं खाली घालून पाहिलं, चिंधी ओढून बाहेर काढली, माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "दादा, हाई जोड नई शे. हाई तं फक्त झाकेल शे."

मग त्यांनी जे केलं ते मी स्टुलावर बसून तीन तास पाहिलं.

व्हर्नियर वगैरे नाही. शिवणाचा दोरा घेतला. हीटरच्या तोंडाला गुंडाळला आणि गाठीपर्यंत मोजला, १६० मिलिमीटर. नळीचा भरला १९८. मग काचेखालच्या चपट्या फटीच्या गळ्याला दोरा गुंडाळला, तर तिथेही १६०. ते हसले. मला कळेना. ते म्हणाले, गोल असो की चपटं, दोरा सारखा भरला म्हणजे एकच पत्रा दोन्हीकडे बसतो, फक्त ठोकायचा. म्हणजे ५१ ची गोल नळी एका टोकाने लाकडी ठोकळ्यावर चपटी केली की ती बरोबर त्या गळ्यावर चढणार. परीघ तोच राहतो, आतली वाट मात्र कमी होते. मी घरी येऊन गणित केलं. गोल तोंडाचं क्षेत्रफळ २०४० चौरस मिलिमीटर, २० मिलिमीटरपर्यंत चपटं केल्यावर सुमारे १२९०. एक तृतीयांशाहून जास्त वाट गेली. तोटा झाला का? काचेसाठी नाही. नळीच्या तोंडावर अंगठा दाबला की पाणी लांब उडतं, तसा वारा काचेवर जोरात आणि वरपर्यंत जातो.

राहिला ५१ आणि ६३ चा जोड. त्यासाठी गोडेतेलाचा पंधरा किलोचा डबा कापला. कागदावर आधी पंख्यासारखा आकार काढला, एक काठ १६० चा, दुसरा १९८ चा, वर डाग द्यायला थोडी पट्टी, आणि लांबी चार इंच. मी विचारलं, चार इंच कशाला, एका इंचात होईल की. ते म्हणाले, "वारा बी बैलगाडीसारखाच शे, एकदम वळाले गया का घोळ व्हस." एकदम रुंद झालेल्या वाटेत वारा भोवऱ्यासारखा फिरतो आणि पंख्याचा जोर तिथेच मरतो. चार इंचांत तो सावकाश पसरतो. पत्रा वळवला, डाग दिला, दोन्ही काठांना वळी मारली. वळी म्हणजे उंचवट्याची कडा. क्लिप आवळली की नळी तिच्यामागे अडकते आणि सरकत नाही. वर सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवला, हादरे खायला. आणि एक बारीक गोष्ट: जिथून वारा येतो तो भाग आत, जिथं जातो तो बाहेर. वारा सांध्यावर आदळत नाही, त्याच्यावरून सरकून जातो.

ही शेवटची गोष्ट वाचून रावेर-यावल-चोपड्याचे मित्र म्हणतील, यात काय नवीन? बरोबर. आपला प्रत्येक शेतकरी पीव्हीसी पाईप असाच जोडतो, सॉकेटचं तोंड येणाऱ्या पाण्याकडे. बांधावर पाचटाचा जाळ करून पाईपचं तोंड तापवायचं, दुसऱ्या पाईपवर दाबून फुगवायचं, सोल्युशन लावायचं. ९० च्या मेनलाइनवरून ७५, त्यावरून ६३, पुढे १६ ची ठिबकची नळी. जळगाव तर पाईपांचंच गाव. भवरलाल जैन यांनी इथं पीव्हीसी पाईप आणि ठिबकचा कारखाना काढला आणि जगभर माल पाठवला. न जुळणारी तोंडं जोडत जोडत या जिल्ह्याने केळी पिकवली. म्हणून मीही मिस्तरींना शहाणपणा शिकवला की ६३ चा पीव्हीसीचा रिड्यूसर लावून टाका, वीस रुपयांत काम. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पीव्हीसी पंचाहत्तर-ऐंशी अंशांना मऊ पडायला लागतो आणि इंजिनचं पाणी ऐंशी-नव्वदला फिरतं. हीटरच्या तोंडाशी तो रिड्यूसर पहिल्याच घाटात वाकला असता. कुठे प्लास्टिक चालतं आणि कुठे पत्राच लागतो, हे ज्याला कळतं तो मिस्तरी. माझ्याकडे पत्रकारितेची पदविका आहे, मला कळलं नव्हतं.

बिल झालं साडेतीनशे रुपये. डबा त्यांचाच.

आता मुद्द्यावर येतो.

१३ ऑगस्ट २०२१ ला पंतप्रधानांनी वाहन भंगार धोरण जाहीर केलं. गाडी मोडीत काढली की प्रमाणपत्र मिळतं. ते दाखवलं की नव्या खासगी गाडीच्या रोड टॅक्समध्ये २५ टक्क्यांपर्यंत सूट, नोंदणी शुल्क माफ, कंपन्यांनाही सवलत द्यायचा सल्ला. ठीक आहे. धूर ओकणारे, ब्रेक नसलेले डबे रस्त्यावरून जावेत, याला माझा विरोध नाही.

पण दुसऱ्या हाताने काय केलं ते बघा. पंधरा वर्षांनंतर खासगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते. माझ्या फियाटची २०२१ मध्ये झाली तेव्हा मोटारीचं शुल्क ६०० रुपये होतं. १ एप्रिल २०२२ पासून ते ५,००० झालं. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांपुढच्या मोटारींसाठी १०,०००. पर्यावरण कर वेगळा. म्हणजे येत्या जूनमध्ये मी खिडकीवर जाईन तेव्हा ६०० चे १०,००० झालेले असतील. गाडी तीच, मालक तोच, उलट हीटर आता नीट.

आणि या दहा हजारांत गाडीचं काय पाहिलं जातं? मागच्या वेळी तपासणीला गेलो तेव्हा (कुठे ते विचारू नका) चेसिस नंबरचा ठसा घेतला, लाइट लावून पाहिले, हॉर्न वाजवला. बॉनेट उघडलं ते फक्त नंबरासाठी. डॅशबोर्डखाली चिंधी कोंबलेली होती, ती तशीच पास झाली. जी माझ्या आईला दरीत घेऊन जाणार होती ती चिंधी पास. आता चार इंचांचा पत्र्याचा जोड बसवलाय, तोही पास होईल, त्याच शुल्कात. शुल्क वयावर आहे, अवस्थेवर नाही. नीट ठेवणारा आणि चिंधी कोंबणारा दोघं एकाच रांगेत, एकाच पावतीवर. मग नीट ठेवायचं कुणी आणि कशाला?

सुटे सांधे हा नुसता काचेपुरता प्रश्न नाही. बाहेरचा वारा घेणारी नळी इंजिनच्या बाजूला फाटलेली असेल, तर हीटरचा पंखा इंजिनखोलीतली हवा ओढून आत सोडतो. एक्झॉस्टचा सांधा तिथं गळत असेल तर त्यातला कार्बन मोनॉक्साइडही. त्याला वास नसतो, रंग नसतो. हे तपासायला यंत्र लागत नाही, हात घालून पाहावं लागतं. अवस्था तपासा म्हणतो ती अशी.

आता वय म्हणाल तर तीही एक गंमत आहे. १५ जुलै २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांपुढची, मूळ रूपातली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. शुल्क २० हजार, नोंदणी दहा वर्षांची, पण रोजच्या रस्त्यावर फिरवायची नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यापुरतीच बाहेर. माझी फियाट आता ४५ ची. आज ती दहा हजारांचा जुना डबा, आणि २०३१ मध्ये अचानक वारसा! पण वारसा झाली की तिच्यातून आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेता येणार नाही. आपलं सरकार गाडीला एकतर कचरा मानतं नाहीतर काचेच्या कपाटातली वस्तू. वापरातली, राखलेली, चालती गाडी त्याच्या कुठल्याच रकान्यात नाही.

जर्मनीत तीस वर्षांपुढच्या गाडीला 'एच' अक्षराची पाटी मिळते. आधी तज्ज्ञ येऊन गाडी तपासतो, मूळ रूपात आणि चांगल्या अवस्थेत आहे असं लिहून देतो, आणि मग वर्षाला ठरावीक कर. गाडी रस्त्यावर चालवता येते. धुराबद्दल कडक असलेला देश तो, पण तिथं अवस्थेला किंमत आहे. दिल्लीत आपण काय केलं? १ जुलै २०२५ पासून वय झालेल्या गाड्यांना पेट्रोल-डिझेलच द्यायचं नाही असं ठरलं. पंपांवर कॅमेरे लावले, लोक ओरडले, आणि दोन-तीन दिवसांत ते गुंडाळावं लागलं. मुंबईत ३० ऑक्टोबर २०२३ ला शेवटची काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून गेली, कारण टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा. त्या दिवशी सगळ्यांनी हळवे फोटो टाकले. मीही टाकला. फोटो टाकणाऱ्यांपैकी किती जणांनी त्या गाड्या सांभाळणाऱ्या मिस्तऱ्यांचं पुढे काय झालं ते विचारलं?

धुराचं बोलतो, पळत नाही. माझी गाडी कार्बोरेटरची आहे, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नाही. किलोमीटरमागे ती बीएस-६ गाडीपेक्षा जास्त घाण सोडते, यात वाद नाही. पण ती वर्षाला दीड हजार किलोमीटर चालते. एक नवी मोटार कारखान्यातून बाहेर पडेपर्यंत तिच्या पोलादाचा, काचेचा, प्लास्टिकचा कार्बन काही टनांत जातो. त्याची पावती कुणाच्या नावावर? धूर मोजा, किलोमीटर मोजा आणि त्यावर कर लावा, मी भरतो. जन्मतारखेवर लावू नका.

आणखी एक. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने 'राइट टू रिपेअर'साठी समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पोर्टल सुरू केलं. त्यात चार क्षेत्रं घेतली, मोबाइल, घरगुती उपकरणं, शेतीची यंत्रं आणि वाहनं. चांगली गोष्ट. पण ज्या गाड्या बनवणारा कारखानाच बंद झाला, त्यांचं काय? पद्मिनी दोन हजार सालाच्या आसपास बंद झाली, अम्बॅसडरचा उत्तरपाड्याचा कारखाना २०१४ मध्ये. त्यांच्या सुट्या भागांची मापं, नकाशे कुठेतरी असतीलच. ते सरकारने मागून घेऊन खुले का करू नयेत? फटीचा गळा किती, नळी किती, एवढं एक पान कुणाला मिळालं असतं तर ६३ ची नळी चढलीच नसती.

आणि मिस्तरी? कौशल्य विकास योजनेत पूर्वानुभवाला प्रमाणपत्र द्यायची सोय कागदावर आहे. धुळ्याच्या या माणसाला मी ते सांगितलं तर म्हणाले, "माले सही येस दादा, फॉर्म येत नई." त्यांच्याकडे शिकायला आता पोरगं नाही. एक होतं, ते सुरतेला गेलं. पत्र्यावर पंखा काढायचा कसा, हे त्यांच्यानंतर त्या शेडमध्ये कुणाला येणार नाही. गाड्या मोडीत काढणाऱ्याला परवाना आहे, सवलत आहे. जोडणाऱ्याला बोर्ड लावायला पैसे नाहीत.

'जुगाडाचं कौतुक बंद करा' म्हणणारे इथं येतीलच, म्हणून आधीच सांगतो. मी चिंधीच्या बाजूने नाही. चिंधीने माझा जीव घेतला असता. दोरा, कागदावरचा पंखा आणि काठाची वळी ही तिच्या विरुद्ध बाजू आहे. तुमच्या धोरणाला हा फरक दिसत नाही, भांडण तेवढंच आहे.

जूनमध्ये नूतनीकरणाच्या अर्जासोबत मी एक पत्र जोडणार आहे: शुल्क अवस्थेशी जोडा, तपासणीत काचेचा वारा आणि हीटरच्या नळ्या घाला, आणि बंद पडलेल्या गाड्यांची मापं पोर्टलवर टाका. एक प्रत आमदारांना, एक खासदारांना. ज्यांच्याकडे वीस वर्षांपुढची गाडी आहे त्यांनी सह्या करा, मग ती फियाट असो, जीप असो की मारुती ८००.

आणि तो पंख्याचा नमुना मी मिस्तरींना विचारून वहीच्या पानावर उतरवून ठेवलाय, ५१ चा ६३ करायचा, लांबी चार इंच. लागला तर इनबॉक्समध्ये मागा, फोटो पाठवतो. प्रिंट काढताना आकार बदलू देऊ नका, दोऱ्याने १६० भरतोय का ते आधी पाहा.